झाड जगणे निराळे, फळणे निराळे

आंबा, केळ, पपई, नारळ ही झाडे आपल्या मूळच्या प्रदेशातून बाहेर पडून फार दूरवर गेलेली आहेत, आणि त्यांना आणखी दूर नेण्याचा उत्साह प्रत्येक पिढीत नव्याने उत्पन्न होतो. उत्तरेकडील एखाद्या शहरात कोणाच्या अंगणात नारळ उंच वाढतो, डोंगराच्या पायथ्याशी एखाद्या घरामागे पपईला चार फळे लागतात. त्याची बातमी होते आणि लोक विचारू लागतात की हे झाड येथे होते, तर त्याची बाग का होऊ नये? प्रश्न सरळ दिसतो. वस्तुतः अंगणातील एका झाडाने एवढेच सिद्ध केलेले असते की त्या विशिष्ट कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाने, ते झाड आजपर्यंत मेलेले नाही. ते दरवर्षी फळेल, त्याचे फळ विकण्याजोगे होईल आणि उघड्या शेतात लावलेली त्याची शेकडो भावंडेही तशीच वागतील, हे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या देशात फार सहज होते, आणि तिची किंमत बहुधा लहान शेतकऱ्याला मोजावी लागते.

गल्लत न करणारे लोक पूर्वीही होते. मोगल बादशहा बाबर याने आपल्या आत्मचरित्रात एक नोंद केली आहे. हल्लीच्या अफगाणिस्तानातील जलालाबादजवळ त्याने १५०८-०९ च्या सुमारास बाग-ए-वफा नावाची बाग वसविली. पुढे ज्या वर्षी लाहोर त्याच्या हाती आले, म्हणजे १५२४ साली, त्याने केळी आणवून त्या बागेत लावली आणि ती चांगली आली असे तो समाधानाने लिहितो. ऊस तर त्याने आदल्याच वर्षी तेथे लावला होता. या नोंदीतील लक्षात घेण्याजोगा भाग असा की त्याने केळी लावण्यासाठी काबूल निवडले नाही. काबूल त्याची राजधानी होती आणि बागांची हौस तर त्याला तेथेही होतीच. परंतु काबूलला हिवाळ्यात बर्फ पडते. जलालाबाद त्याहून सुमारे १,२०० मीटर खाली असून तेथील हिवाळा सौम्य असतो. बादशहाने झाडाला हुकूम सोडला नाही. झाडाला मानवेल अशी जागा पाहिली.

उष्ण प्रदेशातील झाडाला थंडी नेमकी कशी बाधते, हे येथे समजून घेतले पाहिजे. पाणी गोठले म्हणजे झाड मरते, एवढी कल्पना सर्वांना असते. पण केळीसारख्या झाडाला इजा होण्यास पाणी गोठावेच लागते असे नाही. शून्याच्या पुष्कळ वर, दहा-बारा अंश सेल्सियसलाच, त्याच्या पेशींचे कामकाज बिघडू लागते. प्रत्येक पेशीभोवती एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो व त्यात स्निग्ध द्रव्ये असतात. थंडीने खोबरेल तेल थिजते हे प्रत्येक घरात पाहावयास मिळते. काहीसा तसाच प्रकार या पापुद्र्यात घडतो. तो ताठर होतो, त्यातून क्षार बाहेर झिरपू लागतात, मुळे पाणी ओढीनाशी होतात आणि पायाशी ओल असूनही पाने मलूल पडतात. सफरचंदाचे झाड अशा वेळी निश्चिंत असते. त्याने पाने आधीच टाकून दिलेली असतात, कळ्या झोपी गेलेल्या असतात, आणि वसंतात त्या जाग्या होण्यासाठी त्याला कित्येक तासांची थंडी उलट हवीच असते. आंब्याला किंवा केळीला अशी झोप ठाऊक नाही. थंडीत त्यांची वाढ मंदावते. पण दार लावून आत बसण्याची विद्या त्यांना पिढ्यान्‌पिढ्या लागलीच नाही, म्हणून ती त्यांनी शिकलेली नाही.

ती त्यांना शिकविता येईल, ही आशा जुनी आहे. रोपाला थोडी थोडी थंडी देत गेले, किंवा थंडी सोसणाऱ्या खुंटावर त्याचे कलम बांधले, म्हणजे ते हळूहळू सरावेल असे पुष्कळांना वाटत आले. रशियातील फळझाडांचा प्रसिद्ध पैदासकार इव्हान मिचुरिन (१८५५-१९३५) यानेही ऐन उमेदीत हाच मार्ग धरला होता. दक्षिणेकडील नाजूक पण उत्तम जातींची कलमे त्याने काटक खुंटांवर बांधली. कलमे लागली, वाढली, आशा पल्लवित झाली. मग कडक हिवाळे आले आणि ती मेली. त्यानंतर त्याने तो मार्ग सोडला आणि बियांपासून असंख्य रोपे तयार करणे, निरनिराळ्या जातींचा संकर करणे व त्यांतून टिकतील तेवढीच राखणे हा लांबचा रस्ता पत्करला. मिचुरिनच्या नावावर पुढे त्याच्या देशात पुष्कळ अशास्त्रीय गोष्टी खपविल्या गेल्या, ही गोष्ट वेगळी. त्याच्या या पहिल्या अपयशातील धडा मात्र निखळ आहे. एकच झाड आपल्या आयुष्यात थंडी सोसण्यास शिकत नाही. हजार झाडांपैकी एखादे ती थोडी अधिक सोसते, आणि निवड करावयाची ती त्याची.

हवामानाचा विचार करताना सरासरीवर विसंबण्याची सवय ही दुसरी अडचण होय. एखाद्या ठिकाणचे जानेवारीतील सरासरी किमान उष्णतामान सहा अंश आहे, असे वाचून मनुष्य निर्धास्त होतो. झाड सरासरीत जगत नाही. ते एकेका रात्रीत जगते, आणि एकाच रात्रीत मरते. नुकते लावलेले आंब्याचे कलम शून्याखाली एक-दोन अंशांवर मरू शकते. पूर्ण वाढलेले झाड उणे चार अंशांपर्यंत काही तास कसेबसे तग धरते, तेही पाने आणि बारीक फांद्या गमावून.

शिवाय हवामानखात्याच्या नोंदीतील आकडा आणि झाडाला प्रत्यक्ष सोसावा लागणारा आकडा एकच असतो असेही नाही. वेधशाळेतील उष्णतामापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवेशीर लाकडी पेटीत ठेवलेला असतो. आकाश निरभ्र असून वारा पडलेला असला म्हणजे जमीन आपली उष्णता रात्रभर वर आकाशाकडे सोडीत राहते व तिच्यालगतची हवा सर्वांत अधिक थंड होते. पेटीतील पारा तीन अंश दाखवीत असताना गवताच्या पात्यांवर दंव गोठलेले असणे, हा त्याचाच परिणाम होय. थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. एकाच गावात टेकाडावरची बाग हिरवी राहते आणि ओढ्याकाठची करपते, याचे कारण दैवात शोधण्याची गरज नाही. पंजाबात या गोठलेल्या दंवाला पाला म्हणतात, आणि जुने बागवान नवी कलमे लावताना सखल जमीन टाळतात. कोवळ्या कलमांवर ते हिवाळ्यात गवताचे खोपटे उभारतात व त्याची आग्नेय बाजू मोकळी ठेवतात, म्हणजे सकाळचे ऊन आत जाते. थंडीच्या संध्याकाळी बागेला पाणी देण्याची चालही योग्य आहे. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा दिवसाची ऊब अधिक साठविते, आणि पाणी गोठू लागलेच तर गोठताना ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. धूर करण्याच्या उपायाविषयी मात्र इतके चांगले बोलता येत नाही. धुराचे कण जमिनीची बाहेर जाणारी उष्णता फारशी अडवीत नाहीत. काही उपयोग होत असेल तर तो शेकोटीच्या आंचेचा.

हे सर्व उपाय एका रात्रीचे, फार तर चार रात्रींचे आहेत. २००२-०३ च्या हिवाळ्यात उत्तर भारतात जी शीतलाट आली, तिचा प्रकार याहून निराळा होता. त्या जानेवारीत दाट धुक्याने कित्येक दिवस सूर्यच धड दिसला नाही. रात्रीचा पारा उतरलाच, पण दिवसाचाही वर चढेना. खोपट्याची मोकळी ठेवलेली बाजू निरुपयोगी ठरली, कारण तिच्यातून आत जावयाला ऊनच नव्हते. शिवालिकच्या पायथ्याकडील आंब्याच्या बागांचे त्या हिवाळ्यात मोठे नुकसान झाले. नुकसान झालेल्या गव्हाच्या शेतात पुढच्या कार्तिकात पुन्हा पेरणी होते. आंब्याचे तसे नाही. कलम लावल्यापासून बरे उत्पन्न हाती येण्यास पाच-सात वर्षे आणि भर येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. दहा वर्षांतून एकदाच येणारी वाईट रात्र गहू पिकविणाऱ्याचा एक हंगाम नेते. आंबेवाल्याची तीच रात्र त्याची दहा वर्षे नेते. बागेचा हिशेब मांडताना हा फरक कागदावर क्वचितच येतो. रोपवाटिकेचा विक्रेता चांगल्या वर्षाचे उत्पन्न सांगतो, आणि त्यात खोटे काही नसते. वाईट वर्ष त्याच्या हिशेबात नसते इतकेच.

झाड थंडीतून जिवंत बाहेर आले तरी फळाचा प्रश्न उरतोच, आणि येथे आंब्याने एक विलक्षण कोडे घातले आहे. आंबा उष्ण प्रदेशातील झाड खरे, परंतु मोहोर येण्यासाठी त्याला थोडीशी थंडी लागते. पावसाळ्यानंतर पालवी जून झाली, रात्री पंधरा अंशांच्या आसपास गार होऊ लागल्या म्हणजे तिच्या टोकांशी मोहोराची चाहूल लागते. कोकणातील बागायतदार डिसेंबरातल्या थंडीची वाट पाहतो ती याचसाठी. जेथे बारा महिने सारखीच ऊब व पाऊस असतो, अशा विषुववृत्तालगतच्या प्रदेशात आंब्याची झाडे डेरेदार होतात, पण मोहोर बेभरवशाचा येतो. म्हणजे आंब्यापुरते बोलावयाचे तर नुसती उष्णता हे आदर्श हवामान नव्हेच. उत्तरेत याच्या उलट घडते. मोहोर येतो, पण तो उमलत असताना रात्री दहा अंशांखाली गेल्या तर परागकण नीट तयार होत नाहीत, मधमाश्या व माश्या बाहेर पडत नाहीत, आणि जी फळे धरतात त्यांतील पुष्कळशी कोय न भरलेली, सुपारीएवढी राहून गळून जातात. उत्तर भारतातील बागांत मोहोराचे गच्च, फळ न धरणारे गुच्छ बनविणारी जी विकृती आढळते, तिचे मूळ एका बुरशीत आहे. परंतु तिचा जोर थंडीत लांबणाऱ्या मोहोरावर अधिक दिसतो. या अडचणींतूनही मलिहाबादची दशेरी आणि वाराणसीचा लंगडा उभे राहिले, ते कोणी दक्षिणेचा आंबा तेथे बळे नेऊन लावला म्हणून नव्हे. त्या त्या मुलखातील हिवाळ्यांनी कोयीच्या झाडांची कित्येक पिढ्या चाळण केली, आणि जे उरले त्यांतून माणसांनी गोड ते वेचले. कोकणाचा हापूस उत्तरेत नेऊन लावणाऱ्याने हे विसरू नये. झाड लागेल, परंतु फळाला रत्नागिरीची चव येईलच असे नाही.

तर मग आपल्या मुलखाबाहेरचे काहीच लावू नये, असा कोणी याचा अर्थ काढील. तो चुकीचा ठरेल, आणि चुकीचा का हे खानदेशात पाहावयास मिळते.

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा हे तालुके तापी नदी आणि सातपुडा यांच्या दरम्यान पसरलेले आहेत. नकाशाप्रमाणे ते कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधातच येतात. पण कटिबंध ही नकाशावरची रेघ आहे, हवामान नव्हे. केळीचे मूळ घर आग्नेय आशियातील दमट रानांत आहे. तिला वर्षभर ओल हवी, वाऱ्यापासून आडोसा हवा आणि पंचवीस ते तीस अंशांच्या आसपासची ऊब हवी. जळगावला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि कोरडा वारा पाने फाडून टाकतो. हिवाळ्यात रात्री दहा अंशांच्या खाली जातात. केळीचे नवे पान तर सोळा अंशांखाली जवळजवळ निघतच नाही. थंडीने पाने पिवळी पडून भाजल्यासारखी झाली म्हणजे केळीवर चरका आला, असे तेथील शेतकरी म्हणतात. एवढ्या प्रतिकूलतेत हा जिल्हा देशातील केळीच्या प्रमुख आगरांपैकी एक झाला, आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

हे साधले कसे? मुख्यतः पंचांगाने. केळीचा घड बाहेर पडतो त्याला निसवण म्हणतात. निसवण ऐन थंडीत आली तर घड खोडाच्या गळ्याशीच अडकतो, फण्या वाकड्या होतात, केळी आखूड राहतात. यास्तव लागवडीचा महिना असा धरावा लागतो की झाड निसवणीला येईल तेव्हा थंडी एकतर सरलेली असावी किंवा अद्याप लांब असावी. पावसाळ्याच्या आरंभी लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा संपता संपता लावलेली ती कांदेबाग, अशा दोन लागवडी खानदेशात रूढ झाल्या त्यांच्या मुळाशी हा हिशेब आहे. बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत दाट लावून वारा अडविला जातो. आत केळी जवळजवळ लावलेली असल्याने पाने एकमेकांस भिडतात आणि त्यांच्या सावलीत बागेची स्वतःची एक दमट हवा तयार होते. भर उन्हाळ्यात रस्त्यावरून बागेत पाऊल टाकणाऱ्याला हा फरक अंगाला जाणवतो. केळ वास्तविक झाडच नव्हे, ती एक प्रचंड वनस्पती आहे, आणि वर्ष-दीड वर्षात तिचा घड कापला जातो. म्हणून तिला संकटाच्या मधून वाट काढून नेता येते. आंब्याला असे पंचांगातून चुकवून नेता येत नाही. प्रत्येक हिवाळा त्याला जागच्या जागी उभे राहूनच सोसावा लागतो. परक्या हवामानात केळ आंब्यापेक्षा यशस्वी का होते, याचे निम्मे उत्तर यात आहे.

उरलेले निम्मे उत्तर पाण्यात आहे, आणि ते तितकेसे आनंददायक नाही. केळीच्या बागेला वर्षभरात सुमारे १,८०० मिलिमीटर पाणी लागते असे मानतात. आकाशातून येते त्याच्या सुमारे दीडपट कमतरता विहिरींनी आणि कूपनलिकांनी भरून काढली. ठिबक सिंचनाने झाडामागे लागणारे पाणी निश्चितपणे कमी झाले. पण वाचलेल्या पाण्यावर पुष्कळ ठिकाणी आणखी बाग लागली. यावल-रावेर भागात भूजल खोल खोल जात राहिले आहे. दमट रानातील वनस्पती कोरड्या मुलखात वाढविणे म्हणजे ते रान पाण्याच्या रूपाने जमिनीखालून उपसून काढणे होय. यात खानदेशच्या शेतकऱ्याच्या कौशल्याला उणेपणा येत नाही. परंतु त्याचे उदाहरण देऊन दुसऱ्या एखाद्या कोरड्या जिल्ह्यात केळीचा प्रसार करू पाहणाऱ्यांनी आधी तेथील विहिरींचे तळ पाहावेत.

थंडीची खूण फळावरही राहते. हिवाळ्यात तयार होणाऱ्या घडाची साल बाहेरून हिरवीगार दिसते; आत चिकाच्या नलिका तेरा अंशांखालच्या रात्रींनी तपकिरी पडलेल्या असतात. असे केळ पिकले म्हणजे पिवळेधमक न होता मळकट दिसते. चव फारशी बिघडत नाही, भाव बिघडतो.

खानदेशात लागणाऱ्या बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या जाती ज्या गटात मोडतात त्याचे नाव कॅव्हेंडिश, आणि ते नाव इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातून आलेले आहे. तेथे चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरचा सहावा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याच्या तापविलेल्या काचगृहात जोसेफ पॅक्स्टन या त्याच्या मुख्य माळ्याने मॉरिशसहून आलेले केळीचे रोप वाढविले. १८३५ च्या नोव्हेंबरात ते फुलले, पुढच्या मे महिन्यापर्यंत त्याला शंभरावर केळी लागली आणि लंडनच्या प्रदर्शनात पदक मिळाले. धन्याच्या कुळावरून त्या केळीचे नामकरण झाले. हे यश अपूर्व होते. पण त्यामागे ड्यूकची तिजोरी आणि रात्रंदिवस जळणारा कोळसा होता, आणि डर्बीशायरचे शेतकरी त्यामुळे केळी लावू लागले नाहीत. आइसलंडमध्ये भूगर्भातील गरम पाण्यावर काचगृहे ऊबदार ठेवून १९४० च्या दशकापासून केळी पिकविली गेली. परदेशी केळ्यांवरील जकातीची भिंत होती तोवर तो धंदा चालला. १९६० मध्ये ती काढल्यावर स्पर्धेपुढे तो टिकला नाही. जपानमधील मियाझाकी येथे आजही तापविलेल्या प्लास्टिकगृहांत आंबा पिकतो व भेट देण्याची वस्तू म्हणून तो अतिशय चढ्या भावाने विकला जातो. ज्या समाजात एका आंब्याला तेवढी किंमत देणारे गिऱ्हाईक आहे, तेथे तो शहाणपणाचाच धंदा म्हणावा लागेल. भारतात ज्या महिन्यात असा आंबा तयार होईल, त्याच्या मागेपुढे कोठून तरी उघड्या बागेतला आंबा बाजारात येतच असतो.

अलीकडे एक नवे समर्थन ऐकू येते. हवामान तापत आहे, तेव्हा उष्ण प्रदेशातील झाडे आता उत्तरेस आपोआप मानवतील, असे म्हटले जाते. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी उष्णतामान सुमारे ०.७ अंशांनी वाढले, हे खरे आहे. परंतु वर सांगितलेली सरासरीची चूक येथे पुन्हा नव्या वेषात उभी राहते. सरासरी वर सरकली म्हणून जानेवारीतील निरभ्र, निर्वात रात्र नाहीशी होत नाही. उलट, फेब्रुवारी लवकर तापला तर मोहोर लवकर फुटतो आणि मागाहून आलेल्या थंडीच्या तोंडी सापडतो. तापणाऱ्या काळात बागायतदाराची अनिश्चितता कमी झाली आहे असे समजण्यास आधार नाही.

मग करावे काय? ज्या संस्थांनी आंब्याच्या बाबतीत खरोखर काही साधले, त्यांनी झाड उचलून नेले नाही, गुण उचलून नेला. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने दक्षिणेचा दरवर्षी फळणारा नीलम आणि उत्तरेची दशेरी यांच्या संकरातून मल्लिका व आम्रपाली या जाती १९७० च्या दशकात दिल्या. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांपासून १९८१ साली रत्ना ही जात काढली. हापुसाच्या गरात जो साका होतो तो तिच्यात आढळत नाही. हे काम मंद असते. आंब्याच्या एका संकराची परीक्षा होईपर्यंत संशोधकाच्या नोकरीची निम्मी वर्षे जातात, आणि अशा कामाला लागणारा धीर सरकारी अनुदानाच्या वार्षिक हिशेबात बसत नाही. तरीही नव्या मुलखात फळबाग नेण्याचा भरवशाचा मार्ग आजवर दुसरा सापडलेला नाही. जिल्ह्यात झाड वाटण्याची योजना आखणाऱ्यांनी त्या जिल्ह्यातील गेल्या वीस-तीस हिवाळ्यांतील सर्वांत वाईट रात्र कोणती, हे आधी काढावे आणि शेतकऱ्याला रोपाबरोबर तो आकडाही सांगावा. रोप फुकट मिळाले तरी त्याने अडविलेली जमीन आणि वर्षे शेतकऱ्याचीच असतात.

घराच्या अंगणातील हौशीच्या झाडांना यातील कोणतीही हरकत लागू नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ पपई, न्हाणीच्या पाण्यावर केळ, कुंडीत लिंबू, हे प्रयोग अवश्य व्हावेत. त्यांत एक हिवाळा फुकट गेला तर कोणाचा संसार मोडत नाही. शाळांच्या बागांनी तर ते केलेच पाहिजेत. त्यासाठी किमान उष्णतामापक एक पुरतो, परंतु तो बागेतील सर्वांत सखल जागी टांगावा, आणि रोज सकाळचा आकडा, दंव गोठले की नाही, कोणत्या झाडाची कोणती पाने करपली, हे वहीत उतरवावे. सलग चार-पाच हिवाळ्यांची अशी वही परिसरातील बागवानाला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडते. कडाक्याच्या हिवाळ्यानंतर गावातल्या कोयीच्या आंब्यांतून एक फेरीही मारावी. बाकीची झाडे होरपळलेली असताना एखादे हिरवे राहिलेले दिसले, तर ते जागेमुळे राहिले की अंगच्या काटकपणामुळे, हे शेजारच्या झाडांवरून ताडावे आणि लगेच त्याच्या बुंध्यावर खूण करून ठेवावी. खूण त्याच महिन्यात केली पाहिजे. पाऊस पडून नवी पालवी फुटली की सगळी झाडे पुन्हा सारखीच दिसू लागतात.